न मोजलेली बुडी

माझा धाकटा भाऊ युटिकियो, साऱ्या बेटाचा तिक्यो, पाहुण्यांना समुद्राखाली फिरवून आणतो आणि मी त्याच होडीवर भात शिजवते. आमच्याकडे असे वाटाडे पुष्कळ आहेत, पण त्याच्याइतका कटकट्या दुसरा शोधून सापडायचा नाही. सगळ्यात खोल बुडी सकाळची पहिली, मग उथळ, मग त्याहून उथळ. मधल्या वेळात सावलीत बसायचं, पाणी प्यायचं, उकडलेली केळी खायची. पाहुण्याने कितीही गयावया केली तरी वेळ भरल्याशिवाय हा त्याला पाण्याला शिवू द्यायचा नाही. "खाली गेलं की अंगात वायू मुरतो, लोणच्यासारखा," तो सांगायचा, "वर निवांत बसल्याशिवाय तो निघत नाही, आणि आत अडकला की हातपाय लुळे पडतात." मला ते पाठ झालं होतं, होडीवरच्या मांजरालासुद्धा झालं असेल.

त्याची जीभ मात्र फार वाईट. हेनारो त्याच्याच हाताखाली शिकलेला, दोन लेकरांचा बाप. एकदा दिवसाच्या बुड्या संपल्यावर कुणा बाईचं पायात घालायचं रबरी वल्हं खाली पडलं, ते आणायला तो पटकन जाऊन आला. तिक्योने सगळ्या पाहुण्यांसमोर त्याला उभं केलं. म्हणाला, बायकोला आत्ताच सांगून ठेव बाबा, पुढे नवऱ्याला उचलून न्हाणीत न्यावं लागणार आहे. लोक हसले आणि हेनारोचं नाव न्हाणी पडलं ते पडलंच. मी तिक्योला म्हटलंही होतं की इतकं लागेल असं बोलू नये, पण ऐकेल तर शपथ!

त्या दिवशी तिसरी बुडी आटपली, पाहुणे अंग पुसत बसले आणि वारा फिरला. निघायचं तर नांगर खडकात अडकलेला. आता नांगर सोडवायला खाली जाणं ही आमच्याकडे बुडी नसतेच. मीठ बघायला कालवण चाखलं म्हणून मी जेवले असं कोणी म्हणतं का? तसंच ते. तिक्योने मनगटावरचं बुडीचं घड्याळ काढलं आणि माझ्या पळीशेजारी खिळ्याला अडकवलं. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणाला, "राहू दे मानांग. घड्याळाने हेही धरलं तर उद्या कुलूप लावून बसेल, पाण्यात जाऊच नको म्हणेल, आणि उद्याचे पाहुणे कोण नेणार?" मानांग म्हणजे आमच्याकडे थोरली बहीण, आणि मानोंग थोरला भाऊ.

तो गेला. नांगर हलेना म्हणून वर आला, लोखंडी कांब घेतली, परत गेला. दुसऱ्यांदा वर आला तो बुचासारखा, घाईने. नांगर सुटला, सगळे खूश, आम्ही घरी आलो.

बायको गेल्यापासून तो माझ्याकडेच जेवतो. मी माशाचं कालवण वाढलं, तर त्याच्या हातातला चमचा दोनदा पडला. टाक्या उचलून खांदा भरलाय म्हणाला आणि डाव्या हाताने जेवायला लागला. पण हात धुवायला उठला तेव्हा उजवा पाय खालून निघूनच गेल्यासारखा झाला आणि त्याने दाराची चौकट धरली. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. अशा पायाला ताबडतोब इलाज झाला नाही तर तो कायमचा जातो, हे बेटावरच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

"चल, बुडीच्या सामानाच्या दुकानात ऑक्सिजन आहे," मी म्हटलं.

तो म्हणाला, "मानांग, आधी दार लाव."

माझं डोकंच फिरलं. "मेल्या, दार लावून पाय येणार आहे का तुझा?" म्हटलं, आणि दारात जाऊन बोंब ठोकली. सगळे वाटाडे धावत आले. हेनारोनेच ऑक्सिजनची टाकी खांद्यावरून आणली, नाकातोंडावर मास्क बसवला आणि समुद्रापलीकडच्या सेबू शहरातल्या डॉक्टरांना फोन लावून सगळ्यांना ऐकू येईल असा मध्ये ठेवला.

डॉक्टरांनी दिवसभराच्या बुड्या विचारल्या. तिक्योने मास्क बाजूला करून सांगितलं: तीन. किती खोल, मध्ये किती विश्रांती, सगळं अगदी घोटलेलं. डॉक्टर म्हणाले, बेत चोख आहे, यातून सहसा असं होत नाही. दुखतंय तो खांदाच ना? तिक्यो म्हणाला, खांदाच. मग स्नायूही असू शकेल, असं ते म्हणाले. बाहेर वारा आहे, होडी काढणं धोक्याचं, सकाळपर्यंत थांबावं का ते ठरवू या. पण नक्की तीनच ना?

खोलीत सगळे त्याचेच चेले उभे, आणि त्याला पाय गेला तरी चालणार होता, पण त्यांच्यासमोर मान खाली घालायची नव्हती. मला त्याची इतकी लाज वाटली, आणि कीवही आली.

"पायाचं सांगतोस की मी सांगू?" मी म्हटलं.

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "पाच. नांगराच्या दोन धरल्या तर. घड्याळ काढून ठेवलं होतं. आणि उजव्या पायात जोर नाही."

डॉक्टरांनी एका शब्दात होडी काढायला सांगितली. कोणी हसलं नाही. हसले असते तर त्याला सोपं गेलं असतं. हेनारोने त्याला लहान मुलासारखं उचललं आणि गुडघाभर पाण्यातून होडीत नेऊन आडवं केलं; मी चढले आणि बाकीचे वाटाडेही. सेबूला त्याला दाबाच्या खोलीत ठेवलं, जिथे हवेचा दाब वाढवून मुरलेला वायू हळूहळू काढतात, आणि पाय पुढे काही महिन्यांनी बराचसा जागेवर आला, देवाची कृपा. पण मी सांगतेय ते होडीतलं.

लाटा उडत होत्या. तिक्योने मास्क उचलला आणि म्हणाला, "हेनारो, बोल ना एकदाचं. न्हाणी म्हण मला."

हेनारो टाकी धरून बसला होता. "काय म्हणू, मानोंग?" तो म्हणाला. "नांगराची बुडी आमच्यातला कुणीच मोजत नाही. तुमचंच बघून शिकलो आम्ही."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. तिक्योने होडीतल्या एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग मास्क लावला, वरून टॉवेल ओढून घेतला, आणि सेबूचा धक्का येईपर्यंत तो मला काढू दिला नाही.