कमरेची घंटी

परवा रस्त्यावरून शेळ्यांचा कळप किणकिणत गेला आणि मला भरतीच्या सरावाचे दिवस आठवले. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. वनरक्षक व्हायचं म्हणून अकोले गावाजवळच्या जुन्या किल्ल्याच्या जंगलवाटेने रोज सकाळी धावायची. त्या रानात बिबट्या फिरायचा. आवाजाने तो लांब राहतो, म्हणून आईने अट घातली होती की कमरेला शेळीची घंटी बांधूनच जायचं. एका सकाळी दाट धुकं होतं, ओल्या कारवीचा उग्र वास सुटला होता, आणि मागे पाचोळा वाजला. मी पळाले की आवाज मागे यायचा, थांबले की थांबायचा. मी जीव खाऊन पळाले आणि दगडाला अडखळून पडले. "चांदे, थांब की! किती पळवशील?" असं ओरडत, नऊवारी खोचलेली एक अनवाणी मावशी धुक्यातून धापा टाकत आली आणि मला बघून जागीच थबकली. "अगं बया, घंटी वाजली, मला वाटलं माझी शेळीच हाय! कालपास्नं हुडकते तिला." "मला वाटलं बिबट्या आला, मावशी," म्हणताना मला रडू आणि हसू एकदमच आलं. मी भरतीसाठी पळते हे ऐकून ती म्हणाली, "मग आजून जोरात पळ बाई, मी तर गाठलंच हुतं तुला." पुढे दोघींनी मिळून शोधलं तेव्हा तिची चांदी किल्ल्याच्या कोरड्या टाक्यात अडकलेली सापडली, धडधाकट. तिला वर ओढून काढल्यावर मावशी कितीतरी वेळ तिच्या तोंडावरून हात फिरवत राहिली. पुढे भरतीत माझी निवड झाली. पण खरं सांगते, मैदानावरही मी त्या सकाळीइतकी जोरात धावले नव्हते.