बाईंच्या शब्दाला दहा टक्के

आमच्या पुतण्याला लोअर परळच्या एका काचेच्या इमारतीत नोकरी आहे. तिथे पूर्वी गिरणी होती, निदान कापड तरी निघायचं. आता काय निघतं ते मला अजून कळलेलं नाही. एका रविवारी तो प्रभादेवीला आमच्या दुकानात आला, भाजणीच्या पाकिटाकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि म्हणाला, "काकू, तुमचं कठीण आहे."

दुकान कसलं, एक गाळा. थालीपिठाची भाजणी, चकलीची भाजणी, मेतकूट. भाजायचं-दळायचं मी बघते, नवरा बँकेतून निवृत्त झाल्यापासून गल्ल्यावर बसून बँकेसारखाच चेहरा करतो. कठीण होतं हे खरं. लोकांना आता भाजणीसुद्धा मोबाइलवरून हवी, आणि ती विकणारे मोठे लोक. दिवाळीनंतरचा धंदा असाच राहिला असता तर गाळा सोडावा लागला असता.

"ॲफिलिएट मार्केटिंग करा," पुतण्या म्हणाला. म्हणजे कुणीतरी आपल्या मालाची चारचौघांत शिफारस करायची, सोबत आपला कोड द्यायचा. तो कोड सांगून कुणी माल घेतला की गिऱ्हाइकाला सूट आणि शिफारस करणाऱ्याला टक्का.

"म्हणजे दलाली."

"दलाली काय गं काकू! पार्टनरशिप!"

इंग्रजीत सांगितलं की सगळंच कसं अंघोळ करून आल्यासारखं वाटतं.

आधी त्याने एक रीलवाली मुलगी आणली. तिचे म्हणे लाखभर फॉलोअर. तिने आमची थालीपिठाची भाजणी गार दुधात ढवळली, डोळे मिटून प्यायली आणि हे आपल्या पूर्वजांचं पेय आहे असं जाहीर केलं. माझे पूर्वज हे ऐकायला नव्हते, सुटले बिचारे. तिच्या कोडवर गुडगावहून ऑर्डरी आल्या, आणि मागोमाग तक्रारी: घशाशी चिकटतं, धण्याचा वास येतो, पोट बिघडलं. एकेक स्टार! अरे, पीठ आहे ते, मळा, थापा, तव्यावर टाका!

मग पुतण्या म्हणाला, बाहेरचं राहू दे, तुमच्याकडे गिऱ्हाईक पाठवतं कोण?

पाठवायच्या बाई. समोरच्या इमारतीतल्या निवृत्त शिक्षिका. अर्धी प्रभादेवी त्यांच्या हाताखाली पाढे शिकली. कुणाकडे डोहाळजेवण असो, बारसं असो, बाईंचं ठरलेलं: "भाजणी ना? गाळ्यावरूनच घ्या. बाकीकडे नुसता तांदूळ." विषय संपला. बाईंनी चूक म्हटलं की चूक, बरोबर म्हटलं की बरोबर.

"मग त्यांनाच कोड दे," पुतण्या म्हणाला.

मी म्हटलं, नको रे. पण आमचे हे पडले स्वाभिमानी. "बरोबर बोलतोय तो. इतकी वर्षं त्यांनी फुकट केलं. कुणाचे उपकार नकोत डोक्यावर." उपकार नकोत! आपल्या लोकांना कर्ज एक वेळ चालेल, पण कुणी प्रेमाने काही केलं की यांच्या अंगावर पाल पडते. आणि मीही शेवटी मान डोलावली, गाळा जात होता ना. गाळा वाचेल म्हटल्यावर बाईही हो म्हणाल्या.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाईंच्या घरी वाण म्हणून आमच्या मेतकुटाच्या पुड्या, वर कोडची चिठ्ठी. सगळ्या बायका बसल्यावर बाई उभ्या राहिल्या, वर्गात राहायच्या तशा. "आधीच सांगते. हा कोड सांगून कुणी काही घेतलं तर त्यातले दहा टक्के मला मिळणार आहेत. लपवाछपवी नको."

बायकांनी पुडीवरच्या चिठ्ठ्या उलटसुलट करून बघितल्या. मग त्यांचीच एक जुनी विद्यार्थिनी तिळगूळ चघळत, अगदी सहज म्हणाली, "बाई, म्हणजे इतकी वर्षंही मिळत होते का हो?"

बाई खाली बसल्या. नंतरची हळदकुंकवं त्यांच्या सुनेने लावली.

पुतण्याला सांगितलं तर तो माझ्यावरच उखडला. "असं उभं राहून सांगतात का? खाली बारीक अक्षरात टाकायचं असतं!" मेल्या, तुझ्या त्या काचेच्या इमारतीत तेवढंच शिकवतात वाटतं.

त्या कोडवर एक पाकीट गेलं नाही. वर बाईंच्या शब्दावर येणारी बायामाणसंही कमी झाली. मी बाईंकडे गेले, म्हटलं, "बाई, कोड काढून टाकला. चुकलंच आमचं."

"काढलास? आता म्हणतील, बाईंनी टक्का वाढवून मागितला, जमलं नाही." त्या हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गाळा अजून आहे, कसाबसा. पुतण्या आता आम्हाला विश्वासार्हतेवरचे व्हिडिओ पाठवतो. बाई भाजणीला अजूनही येतात, पण दुपारी, रस्ता मोकळा असताना. पैसे मोजून देतात, पाकीट पिशवीत तळाशी घालतात आणि त्यावर कोथिंबिरीची जुडी नीट पसरून ठेवतात, कुणाला दिसू नये म्हणून.