शून्य न टाकता

"एक शून्य टाक गं ताई, आणि मोकळी हो!"

"तुझ्या शून्याने काकांचं अख्खं प्रकरण गिळलंय. पोट भरलं नाही का त्याचं?"

"झालं! आलीसच त्यावर. किती उगाळशील?"

उगाळण्यासारखंच होतं ते. मागच्या खोलीत दोन टेबलं जोडून या बहीणभावाने एक टेक्स्ट एडिटर बनवला होता, आणि समोरच्या घरातले भाषांतरकार काका रोज त्यावरच लिहायचे. मागे एकदा कंपायलरने, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामने, सूचना दिली होती: कुठून खोडायचं ते ठरायच्या आतच खोडणं सुरू होईल, बघा. धाकट्याने त्या जागी शून्य भरून सूचनेचं तोंड बंद केलं. सूचना खरी निघाली. आणि शून्य म्हणजे मजकुराची अगदी सुरुवात! काका एक ओळ खोडायला गेले, तर भाषांतराचं अख्खं प्रकरण पहिल्या अक्षरापासून साफ. रागावले नाहीत, मुकाट्याने कागद-पेन घेऊन बसले. ताईला तेच लागलं होतं. आज मोठ्या मिनतवारीने ते एडिटर पुन्हा वापरून बघायला तयार झाले होते, आणि नेमकी आजच नव्या कंपायलरने तशीच शंका दुसऱ्या जागी काढली.

"ही खोटी आहे, ताई. मी वाचलंय."

"मागचीही तू वाचलीच होतीस, घाईमहाराज."

"तू ना, पाण्यातसुद्धा खडे शोधशील."

"सापडला की तुझ्याच ताटात वाढते. सरक."

तिने कोडच्या त्या भागाची प्रत काढली आणि कांदा सोलावा तशी सोलायला घेतली. चार ओळी उडवायच्या, कंपाइल करायचं. सूचना आहे? अजून उडवायच्या. गेली? मग आत्ता उडवलेल्या परत आणायच्या. धाकटा खुर्ची मागेपुढे करत उसासे टाकत होता. शेवटी मूठभर ओळी उरल्या: मजकूर निवडलेला असेल तर कुठून खोडायचं ते ठरव, स्क्रीन नव्याने रंगव, मजकूर निवडलेला असेल तर खोड.

मधली ओळ काढली, आणि सूचना गप्प.

"अस्सं! बिचाऱ्या कंपायलरला वाटतंय, स्क्रीन रंगवता रंगवता निवडच बदलली तर?"

"बदलते का?"

"बघू की."

रंगवण्याचा सगळा कोड तिने ओळीवर बोट ठेवून वाचला. निवडीला कुठेच हात लागत नव्हता. मग तिने रंगवणं शेवटी नेलं, ठरवणं आणि खोडणं एकाच अटीखाली आणलं. सूचना गेली. शून्य कुठेच नव्हतं.

धाकटा टाळी वाजवत उठला. "म्हणजे खोटीच होती! मी सकाळपासून काय कोकलतोय? सांग ना, माझं शून्य टाकलं असतं तर आज काय बिघडलं असतं?"

"आज काही नाही, पण उद्या रंगवताना निवड खरंच बदलली असती, तर तुझ्या शून्याने पुन्हा सगळं खोडलं असतं आणि कंपायलर ओरडलाही नसता," म्हणत ताईने नवा एडिटर पेनड्राइव्हवर घेतला, चपला पायात सरकवल्या, आणि रस्ता ओलांडून काकांच्या दाराकडे निघाली.