रिकाम्या हातानं चालायचं

आमच्या आरोग्य गटाच्या पत्रकाच्या डोक्यावर ठळक अक्षरात छापलंय: ‘पोरींनो, म्हातारपण साठीला येत नाही. पंचविशीत तुम्ही काय खाता, किती झोपता आणि किती चालता, तिथंच ते ठरतं.’ वाक्य माझं आहे. बारामतीच्या स्टँडवर, इंदापुरात कॉलेजबाहेर, पिंपळीतल्या बचत गटाच्या बैठकीत मी ते घसा ताणून म्हटलंय. पुढचंही तोंडपाठ आहे. सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरलंसुरलं खाणं हा संस्कार नाही, हाडांवरचा दरोडा आहे. डेअरीला दूध घालायच्या आधी घरातल्या पोरीच्या हातात पेला गेला पाहिजे. रक्त तपासा. झोप मारू नका. आणि चाला. रानात राबणं वेगळं आणि चालणं वेगळं, राबून झिजता, चालून टिकता.

बोलताना मी अडखळत नाही. गटातल्या मुली म्हणतात, हिच्या तोंडाला लगाम नाही. मला ते ऐकायला आवडायचं.

त्या पत्रकातल्या ‘चाला’ या एका शब्दाची मला लाज वाटायला लागली ती आमच्याच घरात, कन्हेरीत.

वहिनी माझ्यापेक्षा थोड्याच मोठ्या. माहेर इंदापूर तालुक्यातलं, कळस. मुलगी पोटात असताना त्यांच्या रक्तात साखर निघाली. बाळंतपणानंतर साखर गेली. आमच्या घरानं विषय तिथंच मिटवला. पेढे वाटले, बारसं झालं. डॉक्टरीणबाई मात्र बजावून म्हणाल्या होत्या, "गेली म्हणून निर्धास्त राहू नका. गरोदरपणात झालेली साखर पुढं परत येऊ शकते. वेळेवर जेवा, वजन आवरा, वर्षाच्या वर्षाला तपासा आणि रोज चाला."

वहिनींना हे समजावून सांगायची गरजच नव्हती. त्यांच्या आईला साखर आहे. आधी पायाची बोटं काढावी लागली, आता नजर जातेय. पन्नाशीतली बाई भिंतीला हात लावत मोरीपर्यंत जाते. एकदा मी वहिनींबरोबर कळसला गेले होते, तेव्हा त्या माउलीनं माझा चेहरा हातानं चाचपून मी कोण ते ओळखलं. परतताना वहिनी एसटीच्या खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "वन्सं, मला आसं व्हायचं न्हाय."

मी त्यांना बूट आणून दिले. साडीखाली बूट घालून त्या आरशासमोर उभ्या राहिल्या आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो.

आता आमच्या गावात बाई चालत नाही असं कुणी म्हणू नये. डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालते, रानात भाकरी घेऊन चालते, पोर कडेवर मारून अंगणवाडीपर्यंत चालते. फक्त रिकाम्या हातानं चालत नाही. हातात काही असलं की बाई कामाला निघालेली असते. हातात काही नसलं की ती हिंडत असते. आणि हिंडणारी बाई कुणाची सून आहे, हे लोक लगेच विचारतात.

तोड काढली माझ्या आईनं. "किटली घे हातात. लोकं म्हणतील दुधाला निघाली."

मला ते पटलं नव्हतं. पण वहिनींना पहिल्या दिवशी दाराबाहेर पाऊल टाकायला तेवढा आधार पुरला. रोज सकाळी त्या रिकामी किटली घेऊन कालव्याच्या रस्त्यानं पुलापर्यंत जायच्या आणि दुसऱ्या वाटेनं परत यायच्या. आई तोवर बाळाला बघायची. महिन्याभरात वहिनींची कंबर धरायची थांबली. झोप लागायला लागली. भाकरी थापताना गुणगुणायच्या. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, पत्रकात वाचलेलं नाही.

मग एके दिवशी डेअरीत आबांची चेष्टा झाली. आबा म्हणजे माझे वडील. आमचा गोठा गावात नावाजलेला आणि आबांच्या दुधाची फॅट कधी खाली येत नाही, याचा त्यांना उसाच्या टनेजपेक्षा जास्त अभिमान. कॅन उतरवून वळले तर मागून कुणीतरी म्हणालं,

"काय आबा, म्हशी आटल्या का वो समद्या?"

"का?"

"न्हाय, सूनबाई रोज किटली घिऊन दारोदार दिसत्यात. म्हणलं, मागून आणायची येळ आली का काय!"

"आरं, त्यो हुशार हाय," दुसरा म्हणाला. "घरचं डेअरीला घालतोय आन् प्यायला दुसऱ्याचं आणतोय. हिशेब तुला कळायचा न्हाय."

सगळे खिदळले. आबा घरी आले. कॅन धुवायला टाकला, हातपाय धुतले आणि चुलीकडं तोंड करून म्हणाले, "उद्यापास्नं किटली बाहेर न्हाय गेली पायजे."

वहिनींनी आतून विचारलं, "मग नुसतीच जाऊ का?"

आबांना खरंच प्रश्न कळला नाही. "नुसती? नुसती म्हंजे कशी?"

झालं. किटली घेतली तर घराची अब्रू जात होती आणि नाही घेतली तर बाईची. मधे चालायला जागाच उरली नव्हती. मी उसळले. पत्रकातलं एकूण एक वाक्य मी आबांच्या अंगावर टाकलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "तुजं झालं? डेअरीत तू जात न्हाईस. मला जायाचंय."

दादानं यावर उपाय आणला. एमआयडीसीत नोकरीला आहे तो, कंपनीतल्या कुणाचं तरी वापरलेलं चालायचं मशीन टेम्पोत घालून घरी आणलं. पडवीत, खताच्या पोत्यांच्या बाजूला ते बसवलं. सकाळी वीज नसायची. वीज असायची तेव्हा वहिनींच्या हाताला काम असायचं, नाहीतर पडवीत पाहुणे बसलेले असायचे. सासऱ्यासमोर, पाहुण्यांसमोर, पदर खोचून जागच्या जागी धावणारी सून आमच्याकडे अजून जन्मायची आहे. थोड्याच दिवसांत मशीनवर गोधड्या वाळायला लागल्या. आबा मात्र आल्यागेल्याला ते मशीन दाखवायचे, "सुनंसाठी आणलंय." पाहुणे माना डोलवायचे. मी आत निघून जायचे.

वर्षाच्या तपासणीला वहिनींबरोबर मी गेले. साखर काठावर आली होती. डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "चालणं सुरू होतं ना? बंद का केलं?"

वहिनींनी मान खाली घातली. टेबलाच्या कडेला आमच्या गटाची पत्रकं होती. मीच आणून ठेवलेली. सगळ्यात वरच्यावर माझं वाक्य.

"घरी मशीन आहे," मी म्हणाले.

डॉक्टरीणबाई बरं वाटल्यासारख्या हसल्या. मला वाटलं, हे असंच होतं तर. गावोगाव मी ज्या नणंदांना, सासवांना झोडपत फिरते, त्यांनाही असंच पटकन काहीतरी सुचत असणार. घराची बाजू राखायला जीभ आपोआप वळते.

स्टँडवर एसटीची वाट बघताना वहिनींनी माझा हात धरला. "वन्सं, येक सांगू? साखरंचं कुणापशी बोलू नका. धाकटीचं बघायला चाललंय. आईला हाय, थोरलीला हाय म्हणल्याव तिला कोण करून घेणार?"

त्यांची धाकटी बहीण. म्हणजे चालायचं तर लोकांना कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगितलं तर बहिणीचं लग्न अडणार. समोरच्या भिंतीवर आमचंच पत्रक डकवलेलं होतं. त्याचा कोपरा वाऱ्यानं फडफडत होता, आणि मला ते फाडून टाकावंसं वाटलं.

त्याच आठवड्यात इंदापुरात मुलींसमोर बोलायला गेले. चालण्याच्या मुद्द्यावर आले तशी मागच्या रांगेतली एक पोरगी उभी राहिली. "ताई, तुमी सोता रोज कुठं चालता?"

मी सगळीकडे स्कुटीवर जाते. स्कुटी दारातच उभी होती.

"वेळ मिळेल तसं," मी म्हणाले.

"म्हंजे न्हाय!" ती म्हणाली आणि सगळा वर्ग हसला. मीही हसले.

घरी येऊन वहिनींना म्हटलं, "उद्या दोघी जाऊ. रिकाम्या हातानं."

त्यांनी आईला विचारलं. आई आबा कुठं आहेत ते बघून हळूच म्हणाली, "त्ये डेअरीला गेल्याव जावा."

गावातून स्कुटीवर जाणं आणि चालत जाणं यात काय फरक आहे, हे मला पहिल्याच वळणावर कळलं. स्कुटीवर मी रस्ता बघते. चालताना रस्ता मला बघत होता. दारात दात घासणारे थांबले. नळावरच्या बाया बोलायच्या थांबल्या. आणि माझे हात! ते कुठं ठेवावेत तेच कळेना. मागं बांधले तर मुकादमासारखं वाटायचं, हलवले तर कवायतीसारखं. मी ओढणीचं टोक धरलं. वहिनींनी पदराचं. एवढी वर्षं मी बायांना ‘ताठ मानेनं चाला’ म्हणून सांगत होते, आणि आता माझी नजर स्वतःच्या चपलांवर होती. कुणी चोरीत पकडावं तसं वाटत होतं. चोरी कशाची, तर पाय हलवल्याची.

कालव्याच्या पुलाच्या अलीकडं भावकीतले एक तात्या ट्रॅक्टरवर समोरून आले. मागं उसाच्या दोन ट्रॉल्या. आम्हाला बघून त्यांनी ट्रॅक्टर थांबवला. चेहरा पडलेला.

"कोण गेलं गं?"

मला आधी उमगलंच नाही. मग समजलं. सकाळच्या पारी दोन बाया, रिकाम्या हातानं, भराभर चाललेल्या. तात्यांच्या हिशेबी हे मातीला जाणंच होतं.

"कुणी नाही, तात्या," मी घाईनं म्हणाले. "मारुतीला चाललोय."

"मारुती माघारी ऱ्हायला की." त्यांनी अंगठ्यानं गावाकडं दाखवलं. "आन् आज शनवार तरी हाय का?"

मी ओढणी पिळत उभी. माझ्या तोंडातून एक शब्द निघेना. ज्या तोंडाला लगाम नाही ते तोंड.

वहिनी पुढं झाल्या. "तात्या, आमी चालायलाच निघालोय. पोरगी पोटात असताना मला साखर झाली हुती. ती परत यायला लागलीय. न्हाय चालले तर आईवाणी भिताडं धराय लागतील."

ट्रॅक्टर धडधडत होता. तात्यांनी आमच्या दोघींकडं बघितलं, वहिनींच्या बुटांकडं बघितलं.

"मग त्या किटलीचं काय हुतं?"

"त्ये लोकांसाठी हुतं," वहिनी म्हणाल्या.

तात्यांनी मान हलवली. "आमच्या हिलाबी हाय साखर. गुळाचा चा पिती आन् म्हणती, गुळानं काय हुत न्हाय." गिअर टाकता टाकता ओरडले, "चाला, चाला. कडंनं चाला पर. मागनं अजून ट्रॉल्या हाईत."

पुलापर्यंत वहिनींचा श्वास फुलला होता, पण पाऊल सैल पडत नव्हतं. मी मागं पडत होते.

दुपारपर्यंत गावभर झालं. आबा जेवायला बसले, ताटाकडं बघत म्हणाले, "समद्या गावाला सांगायचं काय नडलं हुतं?" वहिनी वाढत राहिल्या. मी ‘मारुतीला’ म्हणाले होते, हे कुणाला माहीत नव्हतं. आबांना वाटलं, हे सगळं माझंच, माझ्या पत्रकांचंच काम. "हिनंच शिकवलं असणार," म्हणाले. त्यांना खोडून काढायची हिंमत मला झाली नाही आणि त्यांचं म्हणणं अंगावर घ्यायचीही. कारण ते माझं नव्हतं.

दिवस मावळता कळसहून फोन आला. वहिनी परसात जाऊन बोलल्या. आत आल्या तेव्हा डोळे लाल होते. "रविवारी धाकटीला बघाय येणार हुते, त्यास्नी हितनं कुणीतरी फोन केला. आता बघू म्हणालेत. आई रडतीय. म्हणती, तोंड का उघडलंस."

मी त्यांच्याजवळ बसले. ज्या घरांना निरोगी सून पाहिजे पण सुनेनं निरोगी राहिलेलं चालत नाही, त्या घरांवर बोलायला माझ्याकडं पानभर मजकूर होता. तो काढावासा वाटला नाही. त्या पाहुण्यांपेक्षा आम्ही फार वेगळे होतो का? आमच्या पडवीत मशीनवर गोधड्या होत्या.

"उद्या नका जाऊ," मी म्हणाले. "चार दिवस जाऊ दे. लोक विसरतील."

वहिनी बाळाला पाजत बसल्या.

सकाळी बाळाच्या रडण्यानं मला जाग आली. बाळ आईच्या मांडीवर होतं.

"वहिनी?"

"ती कवाच गेली," आई म्हणाली. "तुला उठवू म्हणलं, तर न्हाय म्हणाली. म्हणली, झोपू द्या त्यास्नी."

मी तशीच पायात चपला सरकवून निघाले. नळावर बाया होत्या. त्यांच्यातली एक म्हणाली, "तुजी वहिनी पुढं गेली बघ," आणि दुसरीनं बोट करून दाखवलं. मी पळायला लागले. कालव्यापाशी आले तेव्हा पोटात कळ आली आणि मी कठड्याला टेकले. वहिनी पुलाच्या पलीकडं होत्या. एकट्या, दोन्ही हात मोकळे हलवत. मी हाक मारली. त्यांनी वळून बघितलं, हात वर केला, पण थांबल्या नाहीत.