‘नाही’ नव्हे, ‘नाय’

या समूहावर मी आजवर केवळ वाचक होतो. येथील बहुतेक हकिगती मला पटलेल्या नाहीत आणि तसे मी त्या-त्या हकिगतीखाली नमूदही केले आहे. त्यावरून काही मंडळी माझ्यावर रुष्ट आहेत, ती खुशाल असोत. हडळ, मुंजा, चकवा... यांपैकी कशावरही माझा कधी विश्वास नव्हता. कर्जतच्या न्यायालयाबाहेर दस्तलेखक म्हणून मी उभी हयात काढली. लोकांचे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रे लिहून दिली. माणूस जे पाहतो आणि जे पाहिले म्हणून सांगतो, या दोहोंत किती अंतर असते, हे मला कोणी शिकवू नये.

तरीही आज लिहिणे भाग पडले, कारण भिसेगावात आमच्या शेजारी राहणाऱ्या निलेशने येथे ‘थिएटरमध्ये आजोबांना मृत बहिणीची हाक’ अशी एक हकिगत टाकली. ते आजोबा म्हणजे मी. निलेश भला मुलगा आहे, स्वतःच्या गाडीतून आम्हा म्हाताऱ्यांना सिनेमाला नेतो. परंतु त्याने लिहिलेले बरेचसे चुकीचे आहे. मी किंचाळलो नाही. मी रडलो नाही. आणि मला ‘हाक’ तर मुळीच आली नाही. हाक आणि वाक्य यांत फरक असतो. मला एक संपूर्ण वाक्य ऐकू आले.

प्रथम सिनेमाविषयी बोलतो, कारण सर्व काही तेथूनच सुरू होते. मी आणि माझे मेहुणे बाळाराम, आम्हा दोघांना भुताचे सिनेमे पाहण्याचा जुना नाद. विश्वास नसलेल्या माणसानेच ते पाहावेत, असे माझे मत आहे. विश्वास असलेला डोळे मिटून घेतो, त्याचे पैसे वाया जातात. दर रविवारी दुपारी खोपोलीच्या थिएटरमध्ये जे काही भुताचे लागले असेल, ते आम्ही पाहतो. काहीच लागले नसेल तर माझ्या घरी टीव्हीवर.

हल्लीचे भयपट भीतीपेक्षा बहिरेपणा अधिक देतात. भूत येण्याआधी वाद्ये येतात. कपाटाचे दार उघडले तरी आभाळ कोसळल्याचा आवाज, आणि आत काय, तर मांजर. प्रत्येक भूत छताला पालीसारखे चिकटलेले, मान उलटी, केस मोकळे. अलीकडे तर भुतांना विनोदही करायला लावतात. आणि सर्वांत मोठा दोष म्हणजे स्पष्टीकरण! शेवटच्या अर्ध्या तासात एक पंडित किंवा प्राध्यापक येतो आणि कोणी, कोणाला, का मारले, ते सर्व फळ्यावर लिहिल्यासारखे सांगून टाकतो. प्रेक्षक निश्चिंत होऊन घरी जातो. ज्या सिनेमानंतर माणसाला झोप लागते, त्याला भयपट का म्हणावे?

रिमेकवाल्यांविषयी तर बोलायलाच नको. पण बोलावे लागेल, कारण हा रिमेकच होता.

मूळ चित्रपटाचे काही चित्रण आमच्या मूळ गावी, पोशीरला झाले होते. साधारण चाळीस वर्षे होऊन गेली. चित्रपटाचे नाव मी मुद्दाम देत नाही. कथा एवढीच, की एक सून विहिरीत सापडते. सगळे म्हणतात, पाय घसरला. आणि शेवटी रिकाम्या विहिरीतून तिचा आवाज येतो... ‘माझा पाय घसरला नाही.’ बस्स, चित्रपट संपतो. मग तिने उडी मारली की तिला कोणी ढकलले? दिग्दर्शकाने ते सांगितले नाही. लोक अंधारात बसून राहत, दिवे लागले तरी उठत नसत.

तो आवाज माझ्या धाकट्या बहिणीचा, विमलचा.

काम करणारी नटी मुंबईची होती. तिचा आवाज विहिरीच्या तोंडाशीच विरून जाई. शूटिंग पाहायला जमलेल्या पोरींत आमची विमल होती. तिने बांधावरून म्हशीला हाक मारली आणि दिग्दर्शकाने मान वळवली. तिला टेंपोत बसवून, काचा लावून, तिच्याकडून ते एक वाक्य म्हणवून घेतले. ती म्हणाली, “माजा पाय नाय घसरला.” दिग्दर्शक म्हणाला, “बाई, ‘घसरला नाही’. शुद्ध म्हणा.” ती पुन्हा तेच. असे पुष्कळदा झाले. शेवटी ती त्याला म्हणाली, “सायेब, मेल्याव बाई शाळंत जाते का?” सगळे हसले, दिग्दर्शक सोडून. मी तिची बाजू घेतली. भात लावणारी सून ‘नाही’ म्हणणार नाही, हे मी त्यांना स्वच्छ सांगितले. ते म्हणाले, “भाऊ, पुण्यात लोक हसतील.” मग तिने एकदाचे तसे म्हटले आणि चित्रपटात ‘नाही’च गेले.

आमची आई मात्र ‘नाही’वरही रागावली आणि ‘नाय’वरही. “आसलं तोंडातून काढू नये गं. वास्तू तथास्तु म्हनते.”

पुढे विमलचे लग्न झाले. सासर खालापूर तालुक्यात. गावाचे नाव लिहिण्याची आवश्यकता नाही. नवरा म्हणजे हेच बाळाराम, साजगावच्या एका कारखान्यात नोकरीला. आणि लग्नानंतर काही वर्षांनी, चैत्रातल्या एका दुपारी, विमल घरामागच्या विहिरीत सापडली.

गावाने दोन गोष्टी पसरवल्या. एक, तिने उडी मारली. दुसरी, तिने सिनेमात भुताचा आवाज दिला म्हणून भुताने तिला नेले. दोन्ही मी जागच्या जागी खोडून काढल्या. विहिरीचा काठ दगडी, पाणी सांडून सांडून गुळगुळीत झालेला. पाय घसरला. हवालदाराला मी तेच सांगितले, पंचांना तेच सांगितले, नातलगांत कोणी कुजबुजले तर त्याच्या घरी जाऊन तेच सांगितले. बाळारामांकडे बोट दाखवण्याची तर कोणाची छाती झाली नाही, कारण मी त्यांच्या शेजारी उभा होतो. त्यांनी दुसरे लग्न केले नाही, ही गोष्ट मी लोकांना अभिमानाने सांगत असे. आमची रविवारची सोबत तेव्हापासूनची.

आता त्या दुपारकडे येतो.

रिमेक लागला म्हणून मीच आग्रह धरला. बाळाराम म्हणाले, “जुना पायलाय की. तेच तेच काय बगायचं?” मी म्हणालो, “दाजी, नावे ठेवायला तरी चला.” तेव्हा ते हसले आणि निघाले. निलेशने गाडी काढली. थिएटर जवळजवळ रिकामे. माझ्या डाव्या हाताला बाळाराम, उजव्या हाताला निलेश.

चित्रपट मी अपेक्षा केली होती त्याहून वाईट होता. विहिरीच्या जागी रिसॉर्टचा पोहण्याचा तलाव. सुनेच्या जागी मुंबईहून वीकेंडला आलेली कोणी व्हिडिओ बनवणारी मुलगी. आवाज इतका, की इंटरव्हलनंतर मी कानातले यंत्र काढून शर्टाच्या खिशात ठेवले. हे नीट वाचा, कारण ‘आजोबांच्या मशीनमध्ये बिघाड असेल’ असे येथे अनेकांनी लिहिले आहे. यंत्र बंद होते आणि खिशात होते. यंत्राशिवाय मला समोरच्या माणसाचे बोलणेही ओठांवरून ताडावे लागते. उरलेला चित्रपट मी मूकपटासारखा पाहत होतो आणि तो पूर्वीपेक्षा बरा वाटत होता.

शेवटाकडे ती मुलगी तलावाच्या काठाशी येते. पाणी काळे, मोबाईलचा उजेड त्यावर हलतो आहे. आणि मला ऐकू आले:

“माजा पाय नाय घसरला.”

शांतपणे. तक्रार नाही, रडणे नाही. दिग्दर्शकाने पुन्हा पुन्हा म्हणायला लावल्यावर कंटाळलेला माणूस जसे म्हणेल, तसे. पडद्यावरून नाही, भिंतीवरच्या कर्ण्यांतून नाही... माझ्या डाव्या बाजूने, अगदी खालून, जणू कोणी आम्हा दोघांच्या खुर्च्यांमध्ये जमिनीवर बसले आहे.

मी म्हणालो, “काय गं?”

निलेशने ज्याला किंचाळणे म्हटले आहे, ते एवढेच. धाकटी बहीण काही बोलली तर थोरला भाऊ जे म्हणतो, तेच मी म्हणालो. मग पुढे काही आले नाही. पडद्यावरच्या मुलीने तोंड उघडले, पंडित आला, सर्व काही समजावून झाले, दिवे लागले.

बाहेर टपरीवर आम्ही चहा घेतला. निलेश म्हणाला, “आजोबा, आत काय झालं? एकदम ‘काय गं’ म्हणालात.”

“त्या वेळी कोणी काही बोलले का?” मी यंत्र कानात घालत विचारले.

“कुठे काय? तेव्हा तर साउंड पूर्ण बंद होता. म्हणून तर तुमचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.”

 काय ऐकले, ते मी अजून कोणालाही सांगितलेले नव्हते. बाळाराम ग्लासात बघत होते. मान वर न करता ते म्हणाले, “‘नाय’ नाय म्हनली ती.”

“कोण, काका?” निलेशने विचारले.

“‘घसरला नाही’ आसंच म्हनली. पिच्चरमधी म्हनली व्हती तसंच. भाऊंना ऐकाया कमी येतंय.”

निलेशला वाटले, ते जुन्या चित्रपटाविषयी बोलत आहेत. तो हसला आणि चहाचे पैसे द्यायला गेला. बाळारामांनी अर्धा चहा तसाच टाकला.

त्यानंतर मी तो रिमेक यंत्र कानात घालून पुन्हा पाहिला, आणि त्यानंतर आणखी एकदा. निलेशलाही शेजारी बसवून ऐकायला लावले. त्या ठिकाणी वाक्यच नाही. ‘नाही’ही नाही आणि ‘नाय’ही नाही. थोडी शांतता आहे, पाण्याचा एक थेंब पडतो आणि मग ती मुलगी किंचाळते. संपूर्ण चित्रपटात ‘पाय घसरला’ हे शब्द एकदाही येत नाहीत. कथाच बदललेली आहे. तेव्हा ‘जुना आवाज वापरला असेल’ असे लिहिणाऱ्या विद्वानांनी तिकीट काढून खात्री करून घ्यायला हवी होती. आणि जुना आवाज असता, तर तो ‘नाही’ म्हणाला असता. विमलचे ‘नाय’ त्या टेंपोबाहेर कधी गेलेच नव्हते.

‘दुःखामुळे भास होतात,’ असेही एका बाईंनी लिहिले आहे. त्यांना माझा प्रश्न आहे: मला भास झाला, हे मान्य. मग जे वाक्य त्या थिएटरमध्ये उच्चारलेच गेले नाही, त्यात ‘नाय’ होते की ‘नाही’, यावर बाळाराम माझ्याशी वाद कशाला घालतील?

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मग मीच त्यांच्या गावी गेलो. पडवीत बसून वाल सोलत होते.

“दाजी, रविवारी आला नाहीत.”

“गुडगं दुखत्यात.”

“नवा लागला आहे. बाहुलीचा.”

“बगा तुमी.”

घरामागची ती विहीर आता बुजवलेली आहे, त्यावर पपईची झाडे आहेत. त्या झाडांकडे पाहतच मी म्हणालो, “त्या दुपारी मी येथे नव्हतो. तुम्ही होतात. इतकी वर्षे मी सांगत आलो, की तिचा पाय घसरला.”

“तुमी सांगत आलात.”

“तुम्हीही तेच सांगितलेत.”

त्यांनी सोललेली डाळिंबी ताटलीत टाकली, साल वेगळी ठेवली. “नाय, भाऊ. मी कदी सांगितलं? हवालदार इचारीत व्हता, मी गप बसलेलो. तुमी आलात न् बोललात, पाय घसरला. मी निस्ती मान हलवली.” मग माझ्याकडे न पाहता, “तुमचं बोलनं मोडील, आसा कोन व्हता तवा?”

पुढचा प्रश्न एकच होता. असे प्रश्न विचारूनच मी पोट भरले. पाय घसरला नसेल, तर दोनच गोष्टी उरतात. पहिली, उडीची, गाव म्हणत आले आणि मी गावाशी भांडलो. दुसरी कोणीच कधी म्हणाले नाही, कारण मी शेजारी उभा होतो. तो प्रश्न माझ्या तोंडातून निघाला नाही. त्यांनी ओंजळभर डाळिंब्या कागदात बांधून माझ्या हातात दिल्या आणि मी त्या घेऊन घरी आलो.

विमलचा आत्मा भटकतो आहे, शांती करा, असे सल्ले येथे आले आहेत. विमल कोणावर भूत होण्याइतकी रागावलेली नव्हती, असे उत्तर मी कालपर्यंत दिले असते. आज ते देत नाही. तो आवाज कोठून आला, यंत्राशिवाय मला कसा ऐकू आला, इतक्या वर्षांनी त्याने तोच चित्रपट का निवडला, यांपैकी कशाचेही स्पष्टीकरण मी देऊ शकत नाही. येथील इतरांच्या हकिगती मी खोडून काढत आलो. गावाची खोडली, निलेशची खोडली. ही एक मला खोडता येत नाही, आणि ती सांगणारी सांगून गप्प बसली आहे.

रिमेक खोपोलीतून उतरला आहे. रविवारी दुपारी मी घरीच जुना चित्रपट लावतो. शेवट आला, की यंत्र काढून खिशात ठेवतो आणि डावीकडची खुर्ची रिकामी सोडून बसतो. पडद्यावर तिचे वाक्य येऊन जाते, ते मला ऐकू येत नाही. त्याच्या पुढचे काही येते का, म्हणून मी थांबतो. अजून आलेले नाही.