आठ आण्यांचं तिकीट

मी एसटीत कंडक्टर म्हणून लागले तेव्हा आमच्या डेपोत आम्ही दोघीच बाया होतो. आमच्या घरात आजोबांपासून सगळे कचेरीतले. बाबा तहसीलमधून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. आपली मुलगी खाकी घालून, खांद्याला चामड्याची बॅग अडकवून गर्दीत ‘पुढं सरका, पुढं सरका’ ओरडणार हे त्यांना पचलं नाही. ते रागावले नाहीत, पण बोलणं कमी झालं. मी ड्युटीवरून घरी आले की त्यांच्या हातातला पेपर थोडा वर जायचा.

ती कापसाची पडती वर्षं होती. पूर्वी दिवाळीनंतर कापूस विकून आलेला माणूस तिकिटाला शंभराची नोट काढायचा आणि सुट्ट्यावरून आमचं भांडण व्हायचं, असं जुने कंडक्टर सांगायचे. माझ्या वाट्याला ती भांडणं आली नाहीत. लोक सुटे घेऊनच चढत. रुमालाच्या गाठीतून, पिशवीच्या कोपऱ्यातून चिल्लर निघायची आणि कितीतरी वर्षं घरातून बाहेर न पडलेली नाणी तिच्यात असायची. काहींना हळदकुंकू चिकटलेलं. घराघरांत डबे रिकामे होत होते, हे मला तेव्हा सुचलं नाही. मला फक्त मौज वाटायची.

पहिलं मिळालं ते पितळी वीस पैशांचं, कमळ असलेलं. माझ्या पर्समधले वीस पैसे बॅगेत टाकले आणि ते ठेवून घेतलं. घरी बाबांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवलं. पेपर खाली आला.

“हे कुठून भेटलं?”

“दारव्ह्याच्या गाडीत.”

त्यांनी ड्रॉवरमधून भिंग काढलं. मग हे नाणं निघालं तेव्हा आपल्याला पहिला पगार कसा मिळाला होता, त्यातून आईला काय आणलं होतं, असं अर्धा तास बोलले. नोकरी लागल्यापासून एवढं बोलणं पहिल्यांदाच झालं. मग मला सवयच लागली. मधे गोल भोक असलेला तांब्याचा पैसा, उमरखेडकडच्या कुणाकडून आलेलं चारमिनारचं नाणं, काही ना काही घेऊन जायचे. “आज काय?” ते दारातच विचारायचे.

एका बाजाराच्या दिवशी दारव्ह्याहून परत येताना बॅग चाचपत होते. बोटांना एक आठ आण्याचं नाणं जड लागलं. बाहेर काढलं तर त्यावर राजाचं डोकं. कडेला डाग देऊन काही जोडल्याची खूण, जणू तिथली कडी कुणी उपटून काढली होती. मी खूष झाले. माझे आठ आणे बॅगेत टाकले.

बाबांनी भिंगाखाली ते बराच वेळ फिरवलं.

“चांदीचं आहे. अर्धा रुपया,” ते म्हणाले. “पण हे डब्यातलं नाही. कुणाच्या तरी गळ्यातलं आहे.” त्यांनी कडीची खूण दाखवली. “आठ आणे म्हणून दिलं का तुला कुणी?”

“दिलं असेल. गर्दी होती.”

“मग ज्याचं आहे त्याला देऊन ये.” नाणं त्यांनी माझ्याकडे सरकवलं आणि भिंग ड्रॉवरमध्ये टाकलं.

दारव्हा–नेर रस्त्यावर बंजाऱ्यांचा एक तांडा लागतो. तिथल्या बाया बाजाराला आमच्याच गाडीने जात, कारण जीपवाले जीप गच्च भरेपर्यंत हलत नसत. त्यांच्या गळ्यात जुन्या नाण्यांच्या माळा असतात हे मी रोज बघत होते. पुढच्या बाजाराला मी तिकिटं फाडताना एकेक गळा निरखू लागले. तिसऱ्या सीटवर खिडकीशी एक म्हातारी बसली होती. तिच्या माळेत डाव्या बाजूला एक जागा रिकामी होती.

मी नाणं पुढे केलं. “याडी, हे तुमचं का?” याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. एवढा एक शब्द मला येत होता.

तिने नाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “माह्यंच होय. तुलेच देल्लं होतं.”

“पण हे चांदीचं आहे.”

“मले मालूम नाही का?”

“मग काहून दिलं?”

“तूच म्हणली ना, आठ आणे कमी हाये, आठ आणे काढ. सगळी गाडी आयकून राह्यली होती.”

मला आठवलं. मी बोलले होते, आणि हळू आवाजात नाही. ती माझ्याकडे पाठ करून खिडकीकडे वळली होती, ओढणीखाली हात घालून काहीतरी करत होती. पदराच्या गाठी सोडते आहे असं समजून मी वैतागून उभी होते. मग तिने मूठ पुढे केली, मी न बघता बॅगेत टाकलं आणि तिकीट फाडलं.

“मी तुम्हाला उतरवलं नसतं, याडी.”

“तुह्या मनातलं मले कसं दिसन?” ती शांतपणे म्हणाली. “पोरगी दवाखान्यात होती, बाळंतपणाले. मधात उतरली असती तं कवा पोचली असती मी?”

शेजारच्या बाईने मान हलवली. मी दांड्याला धरून उभी होते. काय झालं पोरीला, हे विचारायचंही भान मला उशिरा आलं. नात झाली होती, दोघी बऱ्या होत्या.

“घ्या हे,” मी म्हटलं.

तिने हात मागे घेतला. “तिकिटाचे देल्ले ते देल्ले. फुकट नाही बसत मी.”

मी पुन्हा पुढे केलं, तिने पुन्हा नाही म्हटलं. ड्रायव्हरभाऊ आरशातून बघत होते, “बाई, डबल देता का नाही?” म्हणून ओरडले. मी गाडी निघायची डबल बेल दिली आणि पुन्हा तिच्यापाशी आले. आता बसमधल्या साऱ्या बाया आपापल्या परीने न्याय करत होत्या. शेवटी म्हातारीनेच तोड काढली. कमरेच्या पिशवीतून साधे आठ आणे काढून माझ्या तळहातावर ठेवले, आणि त्याच हातातून आपलं नाणं उचललं.

“आता बरोबर झालं,” ती म्हणाली. तो विषय तिच्यापुरता तिथेच संपला. मला विचारलं, “तुले लेकरं किती?”

घरी जाऊन मी बाबांना सगळं सांगितलं, मी मोठ्याने बोलले होते तेही. ते ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, “कचेरीत मीसुद्धा लोकांना चार माणसांत बोललोय. स्टॅम्पाला पैसे कमी पडले की.” आणि उठून स्वतः चहा ठेवला. तसं त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं.

नाणी नंतरही सापडली, पण मी आधी देणाऱ्याला दाखवून विचारायचे. बहुतेक जण “ठेवा बाई, आमच्या काय कामाचं” म्हणायचे. दोनतीन जणांनी मात्र ते पटकन परत घेतलं. आणि कुणाचे आठ आणे, रुपया कमी पडला, तर मी वाकून, त्याच्याच कानाला ऐकू येईल असं सांगायला शिकले. कधी सांगायचेही नाही.

वर्षभराने माझी बदली वणीला झाली. शेवटच्या फेरीला म्हातारी गाडीत होती, सोबत लेक, आणि लेकीच्या मांडीवर गुटगुटीत नात. मी जाणार हे तिला सांगितलं.

“वणी? तिकडं तं कोयसा निघते म्हणते.”

“हो.”

“मंग रोज कपडे धुवा लागन तुले,” ती म्हणाली, आणि टोपलीतून मूठभर बोरं काढून माझ्या बॅगेत, तिकिटांच्या पेटीशेजारी टाकली.