कुशिरोची कुरणं आणि एक पोळी

११ ऑक्टोबर २००३, शनिवार, पहाटे पावणेपाच. निशी-कसाई भागातल्या माझ्या खोलीत मी गॅसचा कॉक तिसऱ्यांदा तपासत होतो, तेवढ्यात केदारने खालून हाक मारली. केदार माझा ऑफिसातला सोबती. जोडून सुट्टी आली होती म्हणून तो, मेधावहिनी आणि मी उत्तरेला होक्काइदो बेटावर, कुशिरोकडे रानातली हरणं पाहायला निघालो.

विमानतळावर गाडी भाड्याने मिळते, पण रस्त्यावर वस्ती विरळ आहे, तेव्हा पेट्रोल शहरातच भरा. मुक्कामाच्या घरी दोन जेवणांसह माणशी सात हजार येन पडले. शाकाहारी असाल तर भात आणि लोणचं, एवढंच. वहिनींनी पोळ्या आणल्या होत्या म्हणून निभावलं.

इथली बंद पडलेल्या गोठ्यांची कुरणं एका संस्थेने वर्गण्या गोळा करून विकत घेतली आणि हरणांसाठी मोकळी सोडली. कडेला लाकडी खोपट आहे. आत गप्प बसायचं आणि फटीतून पाहायचं. दुर्बीण तिथेच मिळते, पैसे पडत नाहीत. आमच्यासोबत संस्थेच्या मोरी-सान होत्या, पन्नाशीच्या बाई. अन्नाचा कण मागे ठेवू नका, असं त्यांनी बजावलं. केदारने आम्हाला ते मराठीत सांगितलं.

संध्याकाळी धुक्यातून कळप आला. आपल्या सांबरासारखीच ही हरणं, अंगाने भरलेली.

परतताना गाडीजवळ एक हरिणी आणि तिचं पाडस उभं होतं. वहिनींनी काच खाली केली आणि पोळी पुढे धरली. मोरी-साननी काय सांगितलं होतं, याची मी आठवण दिली.

"कचरा टाकू नका म्हणाल्या त्या. हा काय कचरा आहे, भाऊजी? पुण्यात रोज गोग्रास काढायचे मी. इथे दोन वर्षांत गाय दिसली नाही."

हरिणीने पोळी हातातून घेतली.

दुसऱ्या दिवशी ती रस्त्यावर येऊन आमच्याच गाडीसमोर उभी राहिली. हॉर्न वाजवला तरी हलेना. मोरी-सान आल्या, पाहताच समजल्या. गाडीपाशी येणारं जनावर आज ना उद्या कुणाच्या तरी काचेतून आत येतं, म्हणून अशा जनावराला गोळी घालतात. दुपारपर्यंत ती घाबरून रानात गेली, तर आपण शिकाऱ्याला बोलावणार नाही, असं त्या म्हणाल्या. आम्ही टाळ्या पिटल्या, डबे बडवले. शेवटी मोरी-साननी वहिनींच्या हातात खडा दिला. केदार हळूच म्हणाला, "मेधा, मार. तिच्यासाठीच मार."

वहिनींनी मारला. तो हरिणीच्या खुरापाशी पडला. तिने मान खाली घातली, खडा हुंगला आणि पुन्हा वहिनींच्या हाताकडे पाहिलं.

दुपारी शिकारी आला. आम्हाला खोपटात बसवलं होतं. आवाज एकदाच झाला. पाडस रानात पळालं, असं मोरी-सान सांगत आल्या. आता ते माणसाजवळ फिरकणार नाही, असंही म्हणाल्या. आमच्यावर रागावल्या नाहीत. तेच मला अजून सहन होत नाही.

जायचं असेल तर जरूर जा, जागा राखण्यासारखीच आहे. डबा मात्र पिशवीत बंद ठेवा आणि काच वर.

परत आल्यापासून केदारकडे गेलो की वहिनी चहा देताना विचारतात, "ते पिल्लू आता माणसाला घाबरतं, हे चांगलंच ना, भाऊजी?"

मी हो म्हणतो.